टेबल जाऊ दे, कपाट राहू दे

*ताई, मी पंचवटीत राहते. नागपूरला एम.ए.ला प्रवेश मिळालाय, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जायचंय. खोली अमरावती रोडच्या बाजूला आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरमालक म्हणाले, खोली रिकामी मिळेल, सामान तुमचं तुम्ही आणा. आमच्याकडे आजोबांचं सागवानी टेबल, लोखंडी कपाट, बॉक्सचा पलंग, कापसाची गादी आणि बरीच पुस्तकं आहेत. सगळं नेलं तर तिथे काही विकत घ्यायला नको, असं मला वाटतं. हातात आठ हजार आहेत. एक पॅकर्सवाला घरी येऊन पाहून गेला, त्याने 19,500 सांगितले. दुसरा फोनवरच म्हणाला, नऊ हजारांत सगळं आलं, पण निम्मे आगाऊ मागतोय. सिन्नरच्या मामाकडे छोटा हत्ती आहे. तो म्हणतो, फक्त डिझेल टाक, मी सोडतो. आई म्हणते, सगळं विकून टाक नि मोकळी हो. काय करू?*

— एक वाचक, पंचवटी

तुझ्या पत्रात ‘सगळं’ हा शब्द तीनदा आलाय. एकदा तुझा, एकदा त्या फोनवाल्याचा, एकदा आईचा. तिघांचंही मला पटलेलं नाही. आधी मामाचं बघू, कारण तुझा जीव त्या टेम्पोत अडकलाय हे वाचताना कळतं.

मामा मनाचा मोठा आहे, त्याबद्दल शंका नाही. पण हिशेब कर. सिन्नरजवळून समृद्धीवर चढलं तरी नागपूर सहाशे किलोमीटरच्या वर आहे, आणि मामाला परतही यायचंय. म्हणजे बाराशे. भरलेली गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते असं धर. ऐंशी लिटर डिझेल झालं. लिटरमागे नव्वद धरले तरी 7,200 रुपये. समृद्धीचा जाता-येताचा टोल वेगळा. मामाचे दोन दिवस बुडणार, दोन दिवसांचं जेवणखाण होणार, आणि नागपुरात तिसऱ्या मजल्यावर लोखंडी कपाट चढवायला मामा एकटा पुरणार नाही, तिथे हमाल लागणारच. तुझे आठ हजार बुटीबोरीच्या अलीकडेच संपले. बरं, येताना गाडी रिकामी. अनोळखी शहरात छोट्या हत्तीला परतीचं भाडं उभ्या उभ्या मिळत नाही. फुकटातली गाडी ही या यादीतली सर्वांत महाग गाडी आहे. मामाला नाही म्हणू नकोस, त्याचं काम आहे, पण ते वेगळं. पुढे सांगते.

ज्यांना लांब सामान न्यायचं असतं ते बहुतेक किलोमीटर मोजत बसतात. वाहतुकीतला पैसा रस्त्यात फारसा जात नाही. नाशकातून नागपूरकडे रोज ट्रक जातात, कळमन्याच्या बाजारात आपला कांदा नि टोमॅटो जातो, अंबड-सातपूरचा माल जातो. त्या ट्रकमध्ये तुझं टेबल कोपऱ्यात सरकवायला फार पैसे पडत नाहीत. पैसा जातो तो दोन टोकांना. घरातून गोडाऊनपर्यंत, गोडाऊनमधून खोलीपर्यंत, आणि तिथल्या त्या तीन जिन्यांवर. हमालाचा भाव चढण बघून ठरतो. म्हणून एखादी वस्तू न्यायची की नाही हे ठरवताना ‘नागपूर किती लांब’ हा प्रश्न सोड आणि ‘ही वस्तू सुटी होते का, आणि दोन माणसांच्या हातांनी जिना चढते का’ एवढंच विचार. तुझ्या पाच वस्तूंना हा प्रश्न विचारला की उत्तर आपोआप पडतं.

कपाटापासून सुरू करते, कारण ते माझ्या दुखऱ्या जागेवरचं आहे. मी शिकायला नाशकातून पुण्याला गेले तेव्हा आईच्या लग्नातलं कपाट हट्टाने नेलं. साडेसहा फुटी, हिरवट राखाडी, दारावर आरसा. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात वरची खोली होती. जिना लाकडी, आणि मधे एक वळण. चार माणसांनी कपाट वळणापर्यंत नेलं आणि तिथे ते अडकलं. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं, डोक्यावर घेऊन पाहिलं. वरचा कोपरा छताच्या तुळईला टेकायचा नि खालचा कठड्याला. एक हमाल मला म्हणाला, ‘‘बाई, कपाट जाईल, पण जिना काढावा लागेल.’’ शेवटी ते जिन्याखालच्या अंधाऱ्या बोळात उभं राहिलं, दोन वर्षं. पहिल्या पावसाळ्यात घरमालकीणबाईंनी विचारलं, रिकामंच आहे ना? मग त्यांनी खालच्या दोन कप्प्यांत कांदे भरले. मी दर रविवारी साडी काढायला खाली जायचे आणि कांद्याच्या वासाची साडी नेसून सोमवारी कॉलेजला.

तर कपाट नको. कपाटाचे कपडे लोखंडी दांडी नि चार खुंट्या सांभाळतात, बाकी बॅगेत मावतात. आईला सांग विकू नको म्हणून. दिवाळीला घरी येशील तेव्हा हिवाळ्याचे कपडे ठेवायला तेच लागेल. पत्रा जुना आणि जाड असेल तर भंगारात देणं हा शुद्ध गाढवपणा, भंगारवाला वजनाचे पैसे देतो, कपाटाचे नाही.

पलंगाचं उत्तर त्याहून सोपं. तो सुताराने केलेला नसून दुकानातून आणलेला असेल, म्हणजे दाबलेल्या भुश्शाच्या फळ्यांचा, तर तो एकदाच जोडण्यासाठी जन्माला आलेला असतो. स्क्रू काढून पुन्हा लावला की भोक सैल होतं, तिसऱ्यांदा तर स्क्रू नुसता गरगर फिरतो. वर ऑगस्ट. वाटेतला पाऊस त्या फळीच्या कडेला लागला की ती पोळीसारखी फुगते आणि फुगलेली परत बसत नाही. असा पलंग नाशकातच विक, कोणीतरी जवळचा उचलून नेईल. सुताराने केलेला सागाचा असेल तर गोष्ट निराळी, पण मग तो बॉक्सचा क्वचितच असतो.

कापसाची गादी वजनाला भारी, आकाराला अवघड, आणि ओली झाली तर आठ दिवस वाळत नाही. ती राहू दे. पिंजून घेतली तर आईला पाहुण्यांसाठी नवीच मिळेल.

आता टेबल. ते न्यायचंच.

आई म्हणेल, एका टेबलासाठी एवढा खटाटोप? पण तुझ्या यादीत ही एकच वस्तू अशी आहे जी नागपुरात त्या पैशांत मिळणार नाही, जी सुटी होते, आणि जिच्यावर तू रोज सहा तास बसणार आहेस. पलंगावर आपण डोळे मिटून झोपतो, तो कसाही चालतो.

टेबलाखाली बॅटरी घेऊन आडवी हो आणि वर बघ. जुन्या सुतारी कामात वरचा फळा चौकटीला खालून स्क्रूने धरलेला असतो, सहा किंवा आठ ठिकाणी. चौकट आणि पाय मात्र लाकडात लाकूड अडकवून, आडवी खुंटी ठोकून जोडलेले असतात. आपल्याला फक्त फळा वेगळा करायचाय. चौकटीला हात लावू नकोस. पन्नास वर्षं घट्ट बसलेला सांधा तू उपटलास तर तो पुन्हा तसा बसेल अशी हमी आजोबाही देऊ शकले नसते. स्क्रू गंजलेले असणार, डोक्यावर एकच आडवी खाच असलेले. त्यावर रात्री रॉकेल किंवा खोबरेल तेलाचा एकेक थेंब सोड, सकाळी खाचेच्या पूर्ण रुंदीचा पेचकस लाव. आधी थोडं घट्ट करण्याच्या दिशेने दाब दे, मग उलटं फिरव. गंज ‘टक’ करून सुटल्याचा आवाज येतो, तो एकदा ऐकलास की बाकीचे सहज निघतात. अरुंद पेचकस वापरलास तर खाच खरडते आणि मग सुतार बोलवावा लागतो. खरं तर गल्लीतल्या सुतारालाच चहा पाजून बोलाव, त्याचं हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तो करताना तू बघून ठेव. नागपुरात तुलाच जोडायचंय.

प्रत्येक स्क्रू ज्या भोकातून निघाला त्या भोकाशेजारी पेन्सिलीने क, ख, ग लिही, आणि स्क्रूही त्याच अक्षराच्या पुडीत बांध. जुने स्क्रू एका मापाचे नसतात. सगळ्या पुड्या एका पिशवीत घालून पिशवी चौकटीच्या आतल्या बाजूला चिकटव, पर्समध्ये नको. पर्समधले स्क्रू हरवतात, हे मी तुला लिहून देते. ड्रॉवर काढून त्यात भांडी, चादरी, जे मऊ किंवा जड असेल ते भर, नाहीतर रिकाम्या ड्रॉवरचं भाडं देशील.

गुंडाळताना एक चूक सगळे करतात: पॉलिशवर थेट प्लास्टिक. पावसाळ्यात आत घाम धरतो आणि सागावर पांढरे डाग उठतात. आधी जुनी सुती साडी, त्यावर जाड पुठ्ठा, मग प्लास्टिक, मग सुतळी. वर्तमानपत्र पॉलिशला लावू नकोस, दमट हवेत शाई उतरते. पुठ्ठा कुठे मिळेल हे नाशिककराला सांगायला नको. द्राक्षांच्या हंगामातले उरलेले खोके पुष्कळांच्या घरी पडलेले असतात, ओझरकडे कोणी नातेवाईक असेल तर विचार. फळ्याचे चार कोपरे जपायचे, बाकीचं झालं तरी चालतं. तिथे जुन्या रबरी चपला कापून बांध. दिसायला घाण दिसतं, पण असा कोपरा मी तरी फुटलेला पाहिला नाही.

झाले तीन नग: फळा, चौकट, ड्रॉवर. ट्रान्सपोर्टच्या भाषेत ‘नग’ हेच एकक. ‘आजोबांचं टेबल’ असं त्यांच्या पावतीवर कधीच येत नाही.

आडगाव नाका, द्वारका, अंबड या बाजूंना ट्रान्सपोर्टची ऑफिसं आहेत. तीन ठिकाणी जा, फोनवर विचारू नकोस. पार्ट लोड (म्हणजे इतरांच्या मालाबरोबर) नागपूर, तीन नग, एवढं सांग आणि मग हे विचार: नागपूरची गाडी रोज निघते की भरली की? कमीत कमी किती किलोचं भाडं घेता? (टेबलाचं वजन काहीही असो, किमान भाडं द्यावंच लागतं. म्हणून त्या किमानात बसेल तेवढं भांड्यांचं एखादं खोकं जोडून दे.) माल मधे दुसऱ्या गाडीत टाकता का? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण फर्निचर चालत्या गाडीत मोडत नाही, उतरवताना नि चढवताना मोडतं. हमाली धरून सांगताय की वेगळी? आणि नागपुरात माल कुठे उतरतो, तिथे किती दिवस बिनभाड्याचा राहतो? तिकडचे बरेच ट्रान्सपोर्टवाले वाडीला आहेत, आणि वाडी अमरावती रोडवरच. तुझ्या खोलीच्या रस्त्यावरच म्हण. हे नशीब म्हणायचं. इतवारीतल्या गोडाऊनला उतरवणारा थोडा स्वस्त सांगेल, पण मग शहर ओलांडून आणायचा टेम्पो तो फरक खाऊन टाकेल.

पावती म्हणजे एल.आर., जुनी माणसं बिल्टी म्हणतात. तिच्यावर नगांची संख्या, ‘वापरलेलं घरगुती सामान, विक्रीसाठी नाही’ ही ओळ, आणि मालाची किंमत लिहून घे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं, पण वापरलेल्या घरगुती सामानाला त्यातून सूट आहे. कोणी त्या नावाखाली पैसे मागितले तर हसून पुढच्या ऑफिसात जा. जकात तर केव्हाच बंद झाली, तिचे मागणारा भेटला तर दोनदा हस.

किमतीच्या रकान्यात शून्य किंवा ‘ओनर्स रिस्क’ (जोखीम मालाच्या मालकाची) एवढंच लिहून देऊ नकोस. 2007 चा रस्त्याने माल वाहून नेण्याबद्दलचा कायदा आणि त्याखालचे नियम असं सांगतात की नुकसान झालं तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत, आणि तीही तू जाहीर केलेल्या किमतीच्या वर नाही. भाडं हजार असेल तर दहा हजारांपर्यंत. म्हणजे किंमत लिहिलीच नाहीस तर मागायला तोंड राहत नाही. दावा करायची वेळ आलीच तर माल बुक केल्यापासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. वेळ येणार नाही बहुतेक, पण पावतीचा फोटो काढून बाबांनाही पाठवून ठेव.

भाडं ‘पेड’ करण्यापेक्षा ‘टू पे’ करता आलं तर बरं, म्हणजे माल हातात पडताना द्यायचं. काहीजण घरगुती सामानाला टू पे करत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, विद्यार्थी माल सोडवायला आलाच नाही तर ते टेबल घेऊन काय करणार?

वाडीला माल सोडवताना घाई करतील, सही करा म्हणतील. आधी गाठ सोडून चारही कोपरे बघ. काही फुटलं असेल तर त्यांच्या प्रतीवरच लिही आणि मग सही. सहीनंतर बोललेलं वाऱ्यावर जातं. तिथून खोलीपर्यंतचा टेम्पो ठरवताना पहिलं वाक्य हेच असू दे: तिसरा मजला, लिफ्ट नाही, वर नेऊन देणार का? खाली उतरवून दिल्यावर सुरू होणारी घासाघीस माणसाला रडवते, विशेषतः पाऊस पडत असेल तर.

घरमालकांना आजच सांग की जिन्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवा, वळणावर टेप धरून. चार फुटी फळा बहुतेक जिन्यांवरून उभा जातो, पण ‘बहुतेक’ या शब्दावर मी पुण्यात दोन वर्षं काढली आहेत.

रेल्वेचा विचार तुझ्या मनात आला असेलच, नाशिक रोडवरून विदर्भ एक्सप्रेस रात्री धरली की सकाळी नागपूर. टेबलासाठी नको. रेल्वेच्या लगेजमध्ये 100 बाय 100 बाय 70 सेंटीमीटरच्या बरंच बाहेर गेलेला नग अवजड धरतात आणि दर दुप्पट लावतात. तुझा फळा चार फुटी असेल तर तो 122 सेंटीमीटर झाला. शिवाय नाशिक रोडला गाडी काही मिनिटंच थांबते. तेवढ्यात ब्रेकव्हॅनमध्ये जागा असली तर माल चढतो, नाहीतर फलाटावर राहून पुढच्या गाडीची वाट बघतो. फलाटावर, ऑगस्टमध्ये.

पण पुस्तकांसाठी तीच गाडी. स्लीपरच्या तिकिटावर माणशी 40 किलो सामान मोफत नेता येतं. बाबा सोडायला येणार असतील तर दोघांचं मिळून 80 किलो. एवढ्यात एम.ए.ची पुस्तकं बसली नाहीत तर तू पुस्तकं जरा कमी कर. ट्रंक 100 बाय 60 बाय 25 सेंटीमीटरच्या आतली घे, ती डब्यात सीटखाली चालते. वजन वर गेलं तर गाडीच्या किमान अर्धा तास आधी लगेज ऑफिसात जाऊन जास्तीचं बुक करायचं, तेही ठरलेल्या मर्यादेतच. न सांगता नेलं आणि पकडलं तर सहापट आकारतात. पुस्तकांची खोकी छोटी ठेव. मोठ्या खोक्यात भरून मग ते उचलताना पाठीत उसण भरलेली माणसं मी पाहिली आहेत, आमच्या घरात एक आहे.

खासगी ट्रॅव्हल्सची बसही तीन नग डिकीत टाकते, तू नि टेबल एकाच रात्री पोचता, हा मोठा फायदा. मुंबई नाक्यावर विचारून बघ. अट एकच: डिकीत, टपावर नाही. टपावर ताडपत्री टाकतो म्हणतात, पण ती वाऱ्याने कुठे राहते? आणि पावती बहुधा नुसता कागदाचा चिटोरा असतो, त्यामुळे माझा कौल ट्रान्सपोर्टला. गाडी उशिराच पोचेल असं धरून टेबल तुझ्या आधी आठवडाभर रवाना कर.

त्या दोन पॅकर्सवाल्यांबद्दल. 19,500 वाला चोर नाही. तो घरी आला, कपाट हलवून पाहिलं, तिसरा मजला विचारला, मग आकडा बोलला. भाव त्याचा बरोबर आहे, फक्त तुझ्यासाठी नाही. नऊ हजारवाल्याने काहीच न बघता आकडा सांगितला आणि निम्मे आगाऊ मागितले. माझ्या भाच्याच्या बाबतीत असंच झालं होतं. सामान भरून टेम्पो गेला, दुसऱ्या दिवशी वाटेतून फोन: वजन जास्त निघालं, सहा हजार टाका, नाहीतर माल इथेच उतरवतो. ‘इथे’ म्हणजे कुठे हेही सांगेना. भाच्याने टाकले. सामान त्यांच्या गाडीत असताना तुम्ही काय भांडणार? वस्तूंची लेखी यादी नाही, पत्ता नाही, आणि आधी पैसे, अशा माणसाचा फोन पुन्हा घेऊ नकोस.

आता आठ हजार. टेबलाचं भाडं, दोन्हीकडची हमाली, वाडीपासूनचा टेम्पो मिळून निम्म्याच्या आत बसायला हवं. नाही बसलं तर तीनपैकी कोणी तरी तुला नवखी समजून सांगितलंय, चौथ्याकडे जा. उरलेल्यातून तिथे एक लोखंडी खाट आणि साधी गादी घे. गादी नवीच घे, खाट जुनी चालेल. विद्यापीठाच्या आसपास खोल्या सोडणारी मुलं असतातच, वरच्या वर्गातल्या मुलींना विचार, कॉलेजच्या फलकावर बघ. लाकडी जुनी खाट स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस. सांध्यांत ढेकूण असले तर ते खाटेबरोबर फुकट येतात. लोखंडीला उकळतं पाणी ओतलं की विषय संपतो. पहिले चार दिवस सतरंजीवर झोप, घाईत घेतलेली खाट नेहमी महाग पडते.

सगळे पैसे मात्र ऑगस्टात संपवू नकोस. तू नाशिकची, तुला उन्हाळा म्हणजे दुपारी पंखा नि रात्री खिडकी उघडी. नागपुरात पारा 45 च्या आसपास जातो आणि तिसरा मजला बहुतेक गच्चीखालचाच असतो. मार्चमध्ये तुला कूलर लागेल, आणि तो मार्चमध्ये महाग असतो. दिवाळीनंतर थंडीत घे, जुना, पंप चालवून बघून. कपाटाच्या हमालीचे वाचलेले पैसे तिकडे जाऊ दे. आणि हो, कूलर ठेवायला खिडकीला सज्जा आहे का, हेही त्या जिन्याच्या व्हिडिओबरोबरच विचारून घे.

राहिला मामा. सिन्नरहून पंचवटी त्याला तासाभराची. ज्या सकाळी टेबल आडगाव नाक्यावर द्यायचं त्या सकाळी त्याला बोलाव. टेम्पो त्याचा, दोन हात त्याचे, दोन तुझे. नाशिककडचं टोक तुला फुकटात पडलं. येताना पलंग ज्याने विकत घेतला त्याच्याकडे टाकून देईल. डिझेलचे पैसे तो घेणार नाही, तेव्हा दुपारी जेवल्याशिवाय सोडू नका.

एक राहिलं. कपाटाची किल्ली आईच्या हातात देऊनच गाडीत बस. माझ्या कपाटाची किल्ली मी एका सुट्टीत चुकून नाशकात घेऊन आले होते, आणि घरमालकीणबाईंचे कांदे आत होते.